बँकांच्या वस्तीतली चौकशीताई

शहरातल्या बँकांच्या वस्तीत एक बावीस मजली इमारत आहे. फिरत्या दरवाजातून आत शिरलं की डाव्या हाताला अर्धगोल काउंटर लागतं आणि त्यावर ‘चौकशी’ अशी पितळी पाटी आहे. त्या पाटीखाली गेली सोळा वर्षं एक बाई बसते. तिचं खरं नाव हजेरीपटावर आहे, पण बावीस मजल्यांतल्या माणसांनी तो पट कधी पाहिलेला नाही. ते तिला चौकशीताई म्हणतात.

ती इथे आली ती फरशी पुसायला. चार वर्षं तिने तळमजल्याची ती काळी, गुळगुळीत फरशी सकाळ-दुपार पुसली. एके दिवशी काउंटरवरची मुलगी न सांगता दुसरीकडे नोकरीला निघून गेली. मुकादम घाईघाईने येऊन म्हणाला, “बाई, दुपारपर्यंत जरा इथे बसा, कुणी विचारलं तर मजला सांगा.” तिने हात पुसले, फडकं बादलीत टाकलं आणि ती बसली. ती दुपार अजून झालेली नाही.

येणारा माणूस मजला विचारायचा, लिफ्ट विचारायचा, क्वचित कुणी बाथरूम विचारायचा. पण काम आटोपून बाहेर पडताना बहुतेकांचा प्रश्न एकच असे. “इथे जवळपास चांगली कॉफी कुठे मिळेल हो?” आणि पाच वाजून गेले की आवाज थोडा खाली आणून, “किंवा एखादं कॉकटेल?” या वस्तीत चाळीसेक ठिकाणं होती, पण बाहेरून सगळ्यांच्या काचा सारख्याच चकचकीत. नवख्या माणसाला काय कळणार? चौकशीताईलाही कळत नव्हतं. ती सगळ्यांना एकच सांगायची, “समोर, रस्ता ओलांडला की कोपऱ्यावर.”

एका सकाळी एक वृद्ध गृहस्थ चौदाव्या मजल्यावर आले. हातात काठी, काखेत कागदांची पिशवी. बायको वारली होती, तिच्या नावाचं खातं बंद करायचं होतं. दोन तासांनी ते खाली आले आणि त्यांनी कॉफीचं विचारलं. ताईने कोपऱ्यावरचं सांगितलं. वीस मिनिटांनी ते काठी सांभाळत फिरत्या दरवाजातून परत आत आले.

“बाई,” ते म्हणाले, “तिथे बसायला जागा नाही. उभ्यानं प्यायची असते. तुम्ही कधी गेला होता का तिथे?”

“नाही,” ताई म्हणाली.

“मग सांगितलंत कसं?”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. आणि म्हणूनच ते तिच्या जिव्हारी लागलं. तिने आपली खुर्ची पुढे सरकवली, त्यांना बसवलं, सफाईवाल्यांच्या किटलीतला चहा आणून दिला. तो पिऊन, आभार मानून ते गेले. त्या दिवशी तिने कानाला खडा लावला. स्वतः गेल्याशिवाय कुठलाही पत्ता सांगायचा नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिच्या पायाला भिंगरी लागली. जेवणाची सुटी अर्ध्या तासाची. डबा ती काउंटरवरच, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या मधे दोन-दोन घास घेऊन संपवायची आणि सुटीचा अर्धा तास चालायला ठेवायची. रोज एक दुकान. दर ठिकाणी कॉफी घेत बसणं तिला जमणारं नव्हतं, पण उभं राहून बघायला कुणाची हरकत नसते. दूध तापवल्यावर कॉफीवाला वाफेची नळी पुसतो की तशीच ठेवतो. कप मशीनच्या माथ्यावर गरम होत असतात की थंडगार फडताळातून निघतात. उरलेलं दूध फेकून देतात की पुन्हा त्याच भांड्यात ओततात. मग तिचं लक्ष बाकीच्या गोष्टींकडे जाई. दारात पायरी आहे का? खुर्चीला पाठ आहे का? एकटी बाई आली की तिला बाथरूमशेजारचं टेबल देतात का? माणूस कप संपवून दहा मिनिटं नुसता बसला, तर वेटर फडकं घेऊन भोवती घिरट्या घालतो का?

फरशी पुसणाऱ्या बाईची नजर ती. कोपरे आधी बघणारी.

सहा-सात महिन्यांत कॉफीची ठिकाणं तिला तोंडपाठ झाली. कॉकटेलपाशी मात्र गाडी अडली. तिच्या माहेरी कुणी घेत नव्हतं, सासरी कुणी घेत नव्हतं. नवरा बस डेपोत मेकॅनिक, त्याचं सगळं व्यसन म्हणजे जुन्या रेडिओंचे सुटे भाग. बरं, पाच वाजल्यानंतरच्या माणसाला “ते मला ठाऊक नाही” म्हणून वाटेला लावणं तिला पटेना.

तेव्हा एका संध्याकाळी काम संपल्यावर ती, रिकामा डबा हातात घेऊन, जिन्याखालच्या बारमध्ये गेली. रस्त्यावरून अकरा पायऱ्या उतरून खाली जायचं. आत लांबट, थंड खोली आणि लाकडी बारमागे पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ. त्यांना सगळे मामा म्हणत.

“बसा,” मामा म्हणाले. “काय देऊ?”

“काही नको. मला एक विचारायचंय. मी त्या बावीस मजली इमारतीत चौकशीला बसते. लोक मला विचारतात की कॉकटेल कुठे चांगलं मिळतं. मी पीत नाही. मग मला कळायचं कसं?”

ग्लास पुसणारा मामांचा हात थांबला. तीस वर्षांत बारमध्ये येऊन असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्यांनी ग्लास खाली ठेवला, बर्फाचा डबा उघडून एक चौकोनी तुकडा चिमट्यात धरला आणि दिव्यासमोर नेला.

“आधी बर्फ बघा. आरपार दिसला पाहिजे. चुरा असेल, धुरकट असेल, तर उठून या. मग लिंबू. सकाळी कापलेलं आहे की आता कापतात? कडा वाळल्यात का बघा. मग बारवाल्याचे हात. तो मापाने ओततो की गप्पा मारत ओततो? आणि शेवटी चव.”

“तीच तर अडचण आहे.”

मामांनी एका उंच ग्लासात कुणा गिऱ्हाइकासाठी काहीतरी ढवळलं होतं. त्यात त्यांनी एक नळी बुडवली, वरच्या तोंडावर बोट ठेवलं आणि नळी बाहेर काढली. आत दोन थेंब अडकले होते.

“आम्ही असंच चाखतो. प्रत्येक ग्लास घोट घेऊन बघायचा म्हटलं तर सातलाच आम्हाला उचलून घरी न्यावं लागेल.”

त्यांनी नवी नळी तिच्या हातात दिली. ताईने इकडेतिकडे बघितलं आणि दोन थेंब जिभेवर घेतले. तिचा चेहरा आधी आक्रसला.

“कडू आहे.”

“मग?”

“मग आंबट.” ती थांबली. “आणि मागून संत्र्याच्या सालीचा वास.”

“जीभ चांगली आहे तुमची, ताई,” मामा म्हणाले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. ताई त्या अकरा पायऱ्या चढून वर आली तेव्हा शाळेत पहिला नंबर आल्यासारखं तिला वाटत होतं.

घरी सासूबाई होत्या. सासूबाईंनी इस्पितळाच्या प्रसूती वॉर्डात तीस वर्षं दाईचं काम केलेलं. त्यांच्या नाकापासून काही लपत नसे.

“कसला वास येतोय गं?”

“संत्र्याच्या सालीचा.”

“त्याच्या खाली?”

खोटं बोलून उपयोग नव्हता. “दारूचा, आई. दोन थेंब चाखले. कामासाठी.”

“कामासाठी,” सासूबाई म्हणाल्या. त्यानंतर आठवडाभर त्यांनी तो शब्द काही सोडला नाही. मीठ कामासाठी हवं होतं, खिडकी कामासाठी उघडायची होती, दुपारी त्या झोपल्या तरी कामासाठीच झोपल्या. नवरा रेडिओत तोंड खुपसून हसत राहिला. आठव्या दिवशी सासूबाईंनी विचारलं, “मग, त्या मामांचा बर्फ खरंच आरपार दिसतो?” ताई म्हणाली, दिसतो. विषय मिटला.

पुढच्या काही वर्षांत चौकशीताईचं नाव वस्तीभर झालं. कुणी विचारलं की ती आधी तीन गोष्टी विचारायची. किती वेळ आहे, सोबत कोण आहे, आणि बसायचंय की उभ्यानं चालेल? उत्तर ऐकताना तिची नजर त्या माणसाच्या बुटांवर, हातातल्या पिशवीवर, डोळ्यांवर फिरायची. कामावरून काढून टाकलेला एक माणूस एकदा हातात पुठ्ठ्याचं खोकं घेऊन खाली आला. त्याला तिने घड्याळाच्या मनोऱ्यासमोरच्या कॉफीवाल्याकडे पाठवलं, कारण तो काही विचारत नाही आणि दुसरा कप न मागता भरतो. पहिली मोठी नोकरी लागलेल्या एका मुलीला वडिलांना कॉकटेल पाजायचं होतं, पण वडील दारूला शिवत नव्हते. ताईने तिला मामांकडे धाडलं. मामा दारूशिवायचं पेयसुद्धा त्याच उंच ग्लासात, त्याच मापाने, तितकाच वेळ देऊन बनवतात. दुसऱ्या दिवशी ती मुलगी मुद्दाम काउंटरपाशी थांबली आणि म्हणाली, “बाबांनी मेनू खिशात घालून घरी नेला.”

दुकानांच्या पाट्यांवरची नावं कुणाच्या लक्षात राहत नसत. ताईने ठेवलेली राहत. जिन्याखालचं, घड्याळासमोरचं, जावांचं.

त्या जावांविषयी सांगायला हवं. दोन भावांचं वह्या-पेनांचं दुकान होतं, ते चालेनासं झालं तेव्हा त्यांच्या बायकांनी ते हातात घेतलं. कपाटं काढून एक लांबच लांब काउंटर बसवलं. दाराकडच्या टोकाला कॉफीची मशीन, ती थोरलीची. आतल्या टोकाला बाटल्या आणि बर्फ, तो धाकटीचा मुलूख. मधे एकच सिंक, आणि त्या सिंकवरून दोघींची रोज जुंपायची. पण थोरलीची कॉफी आणि धाकटीचं कॉकटेल दोन्ही एका जागी, एका काउंटरवर मिळणारं असं दुसरं ठिकाण वस्तीत नव्हतं. त्यात दारात पायरी नव्हती.

काउंटरवर बसू लागल्याला अकरा वर्षं झाली, तेव्हा इमारतीला नवा मॅनेजर आला. तरुण, बोलायला मऊ, कामाला वाघ. त्याने तळमजल्यावरच एक कॅफे काढला. खुर्च्या भारी, दिवे भारी. कॉफी मात्र बटण दाबून येणारी, पावडरच्या दुधाची, आणि कॉकटेल कारखान्यात आयतं मिसळून बाटलीत भरलेलं, इथे नुसतं बर्फावर ओतायचं. पाठोपाठ परिपत्रक निघालं की खाण्यापिण्याची चौकशी करणाऱ्या प्रत्येकाला आपल्याच कॅफेत पाठवावं.

पंधरा दिवसांनी त्याने ताईला खोलीत बोलावलं.

“ताई, तुम्ही अजून लोकांना बाहेर पाठवता असं कानावर आलंय.”

“ते विचारतात, साहेब.”

“पण आपल्या इमारतीत सोय आहे ना.”

“आहे. ते मी आधी सांगते. मग ते विचारतात, कशी आहे? तेही सांगते.”

“काय सांगता?”

“दूध पावडरचं आहे आणि कॉकटेल बाटलीतलं आहे. खुर्च्या मात्र छान आहेत.”

मॅनेजरने हातातलं पेन टेबलावर आडवं ठेवलं. “एवढं सांगायची काही गरज नाही.”

“साहेब, वर पाटी चौकशीची आहे. तुम्ही जाहिरातीची लावा, मी तशी बोलेन.”

ती उर्मटपणे बोलली नव्हती. पण दुसऱ्या सोमवारी तिची बदली तळघरातल्या पार्सल खोलीत झाली. काउंटरवर तिच्या जागी एक टचस्क्रीनचा पडदा बसवला. त्यावर बोट ठेवलं की उत्तर येई. ताईने खुर्चीवरची आपली उशी काखोटीला मारली, पाण्याची बाटली घेतली आणि ती जिना उतरून खाली गेली. खाली नुसती खोकी, चिकटपट्टी आणि एक मिणमिणता दिवा. तिला रडू आलं नाही. मान खाली गेल्यासारखं मात्र वाटलं, आणि चार दिवस तिने घरी चकार शब्द काढला नाही.

पाचव्या दिवशी सासूबाईंनी भाजी निवडता निवडता विचारलं, “तुझ्या अंगाला पुठ्ठ्याचा वास का येतो?”

ताईने सगळं सांगितलं. सासूबाईंनी आणखी चार शेंगा सोलल्या.

“मला एकदा तीन महिने धुलाईघरात टाकलं होतं,” त्या म्हणाल्या. हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. “डॉक्टर दोन तास उशिरा आले. बाळंतिणीच्या नातेवाइकांनी मला विचारलं, तर मी दोन तास सांगितलं. वॉर्डाच्या मोठ्या बाईंचं म्हणणं, वेळेवर आले म्हणून सांगायचं.”

“मग?”

“मग काय. तीन महिने त्या इस्पितळाच्या चादरी कधी नव्हत्या इतक्या पांढऱ्या होत्या.”

“आणि परत घेतलं?”

“बायका विचारायला लागल्या, ती दाई कुठेय म्हणून. घ्यावंच लागलं.” त्यांनी सोललेले दाणे पातेल्यात टाकले. “तुला काढून तर टाकलं नाही ना? मग पार्सलं नीट लाव.”

ताईने पार्सलं नीट लावली. मजल्याप्रमाणे रांगा केल्या, काचेचं सामान वेगळं, औषधं वेगळी. ज्या खोलीत खोकं शोधायला लोकांची अर्धी दुपार जायची तिथे आता मिनिटभरात हातात मिळू लागलं. आणि हळूहळू, पार्सल नसलेली माणसंही खाली येऊ लागली. पडद्याला काहीही विचारलं तरी तो एकच सांगे, तळमजला, उजवीकडे. ज्यांना ताई माहीत होती ते जिना उतरून येत, खोक्यांच्या रांगेत डोकावत आणि विचारत, “ताई, चार जण आहोत, पाऊण तास आहे, एकाला तोंड गोड करायचंय.” ताई चिकटपट्टीचा रूळ फिरवता फिरवता सांगायची. मॅनेजरच्या कानावर ते गेलं नसेल असं नाही. त्याने कानाडोळा केला.

असे आठ महिने गेले. मग बाविसाव्या मजल्यावर दोन बँकांची बोलणी सुरू झाली. दोघी एक व्हायच्या होत्या, निदान तसं ठरत होतं. दोन दिवस झाले, तिसऱ्या दिवशी दुपारी गाडं अडलं. एका बाजूच्या प्रमुख सत्तरीतल्या बाई होत्या, गुडघ्यांनी अधू. दुसऱ्या बाजूला एक धिप्पाड, अबोल गृहस्थ. बाई अखेर म्हणाल्या, “आपण दोघं तासभर या खोलीबाहेर जाऊ. कुणी फाइल घेऊन येणार नाही अशा ठिकाणी बसू.”

मॅनेजर धावत आला आणि त्यांना खालच्या कॅफेत घेऊन गेला. बाई दारूला कधी शिवल्या नव्हत्या, त्यांना कॉफी लागे आणि ती चांगली लागे. गृहस्थ दुपारी तीननंतर कॉफीला हात लावत नसत, त्यांना एखादं थंड कॉकटेल हवं होतं. बाईंनी एक घोट घेतला आणि कप बशीत ठेवून दिला. गृहस्थांनी ग्लास नुसता वास घेऊन दूर सारला.

“जवळ दुसरं काही आहे का?” बाईंनी शांतपणे विचारलं.

मॅनेजरने पडद्याकडे बघितलं. पडदा काय सांगणार ते त्याला ठाऊक होतं, त्यानेच भरलं होतं. “एक मिनिट,” म्हणाला आणि लिफ्टची वाट न बघता जिना उतरून तळघरात गेला.

ताई एका खोक्यावर पट्टी लावत होती. मॅनेजर दारात उभा राहिला.

“ताई,” तो म्हणाला. “एक चौकशी होती.”

आठ महिन्यांत तिने या क्षणाची उत्तरं मनातल्या मनात शंभर वेळा तयार केली होती. सगळी एकाहून एक झोंबणारी. पण प्रश्न विचारला गेला की तिला उत्तराशिवाय काही सुचत नाही, हा तिचा स्वभाव.

“किती जण? किती वेळ? आणि गुडघे कसे आहेत?”

“कुणाचे?”

“जाणाऱ्यांचे.”

“दोघं. तासभर. बाईंना पायऱ्या चढवत नाहीत.” मग त्याने कॉफीचं आणि कॉकटेलचं सांगितलं.

“मामांकडे अकरा पायऱ्या आहेत, ते बाद. जावांकडे न्या.” तिने पट्टी दातांनी तोडली. “तुम्हाला तिथला सपाट, सावलीतला रस्ता सापडायचा नाही. मीच येते.”

ती पुढे झाली. सरळ रस्ता चार मिनिटांचा होता, पण त्यावर फुटपाथच्या दोन उंच कडा चढाव्या लागत. तिने विम्याच्या कचेऱ्यांच्या मागची सपाट गल्ली धरली. बाईंच्या पावलाला पाऊल लावून ती चालत होती, आणि ते कुणाला जाणवणार नाही इतक्या सहज.

“तुम्ही काय करता इथे?” बाईंनी विचारलं.

“मी चौकशीला असते. सध्या पार्सल खोलीत.”

मॅनेजर दोन पावलं मागे होता. त्याने ते ऐकलं.

जावांचं सिंकवरून चाललंच होतं. ताईला आणि तिच्या मागच्या माणसांना बघताच दोघी गप्प झाल्या आणि सिंक आपोआप रिकामं झालं. ताईने दोघांना काउंटरच्या बरोबर मध्यावर बसवलं, जिथे थोरलीचा हातही पोचतो आणि धाकटीचाही. थोरलीने कप गरम पाण्याने धुऊन घेतला आणि कॉफी उतरवली. धाकटीने त्याच वेळी लिंबू कापलं, बर्फाचा एकच मोठा तुकडा ग्लासात सोडला. दोन्ही एकाच क्षणी समोर आली. ताई बाहेर फुटपाथवर येऊन उभी राहिली.

मॅनेजरही बाहेर आला. तो तिच्या शेजारी उभा राहिला.

“काय चाललं असेल आत?” तो म्हणाला.

“जमतंय.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“बाईंनी दुसरी कॉफी सांगितली.”

तो तास दीड तासाचा झाला. बोलणी पुन्हा सुरू झाली आणि दोन दिवसांनी सह्या झाल्या. लोक पुढे म्हणू लागले की करार जावांच्या काउंटरवर झाला. चौकशीताईचं म्हणणं सरळ आहे. करार त्यांनी केला, जागा मी निवडली. हे ती मान ताठ ठेवून सांगते.

परत जाण्याच्या दिवशी त्या सत्तरीतल्या बाई लिफ्टने तळघरात उतरल्या. त्या उतरल्या म्हणून इमारतीच्या मालकांनाही उतरावं लागलं. मालकांनी पार्सल खोली त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. बाईंनी ताईचा हात हातात घेतला, आभार मानले आणि विचारलं, “तुम्हाला वर कधी नेणार?” मालकांनी मॅनेजरकडे बघितलं.

पुढच्या आठवड्यात मॅनेजर पुन्हा खाली आला. यावेळी त्याने स्वतः खोकं बाजूला करून बसायला जागा केली.

“ताई, वर या.”

“येते. पण ते परिपत्रक जसं भिंतीवर लागलं होतं, तसंच ते मागे घेतल्याचंही लागलं पाहिजे. त्याच भिंतीवर.”

तो म्हणाला, “लावतो.” आणि त्याने लावलं, स्वतःच्या सहीने. ताई उशी घेऊन जिना चढली. तळमजल्यावरचा सुरक्षारक्षक उठून उभा राहिला, लिफ्टपाशी थांबलेल्या दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या आणि ताईने त्यांना हाताने गप्प केलं, कारण काउंटरसमोर एक माणूस नववा मजला विचारत उभा होता.

कॅफेचं काय झालं तेही सांगायला हवं. मॅनेजरने एक दिवस तिला विचारलं, “त्यात काय सुधारायला पाहिजे?” तिने सांगितलं. ताजं दूध आणा, यंत्राला माणूस ठेवा, आणि बाटलीतलं बंद करा. कॉकटेल बनवायला ठेवलेल्या माणसाला तिने एक आठवडा मामांकडे उभं राहायला लावलं. सहा महिन्यांनी एका घाईतल्या वकिलाला ती म्हणाली, “वेळ नसेल तर कॉफी इथेच घ्या, आता पिण्यासारखी आहे.” मॅनेजर पलीकडे उभा होता. त्याने ते ऐकलं आणि दिवसभर तो छाती काढून फिरत होता.

मागच्या वर्षी वस्तीतल्या दुकानदारांच्या संघाने एक नकाशा छापायचा ठरवला. बाहेरून येणाऱ्यांसाठी, कॉफी आणि कॉकटेल कुठे मिळेल याचा. ते ताईकडे आले. तीन आठवडे ती नकाशा काढणाऱ्या चित्रकाराला घेऊन जेवणाच्या सुटीत फिरली. चित्रकाराला फक्त कप आणि ग्लास काढायचे होते. तिने त्याच्याकडून पायऱ्या काढून घेतल्या, बाकं काढून घेतली, सावलीची बाजू रंगवून घेतली. चाळीसपैकी सव्वीस ठिकाणं तिने ठेवली. उरलेल्यांनी संघाकडे तक्रार केली. संघाने त्यांना ताईकडे पाठवलं. ताईने प्रत्येकाला कारण सांगितलं, तोंडावर आणि नीट. त्यातल्या तिघांनी कारण मनावर घेतलं आणि पुढच्या छपाईत ते आले.

नकाशाच्या तळाशी एक ओळ आहे. ‘माहिती’ असं लिहून पुढे तिचं पूर्ण नाव, माहेरच्या नावासकट. चित्रकाराने विचारलं होतं, कसं लिहू? तिने सांगितलं, पूर्ण लिहा.

घरी तिने एक प्रत आणली. सासूबाईंनी चष्मा लावला, नकाशा टेबलावर पसरला आणि सगळ्या गल्ल्यांवरून बोट फिरवत त्या तळाशी पोचल्या. ते नाव त्यांनी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा मोठ्याने, मुलाला ऐकू जावं म्हणून. नवऱ्याने रेडिओ बंद केला. तो उठून आला, वाकून त्याने नाव वाचलं आणि बायकोच्या पाठीवर हात ठेवून तसाच उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी तिला आणखी दहा प्रती आणायला सांगितल्या. प्रसूती वॉर्डातल्या जुन्या मैत्रिणींना त्यांनी एकेक पोस्टाने पाठवली. त्यातल्या एकीलाही कॉकटेलशी काही देणंघेणं नव्हतं. एक प्रत त्यांनी स्वतःच्या राहत्या इमारतीच्या जिन्यातल्या सूचना फलकावर, पाणी बंद राहणार असल्याच्या सूचनेशेजारी, चार टाचण्यांनी लावली.

दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी भाजी घेऊन वर येत होत्या. त्या थांबल्या. “आजी, हे काय? दारूच्या दुकानांचा नकाशा जिन्यात?”

“खालची ओळ वाच,” सासूबाई म्हणाल्या.

वहिनींनी वाचली. मग पिशवी खाली ठेवून त्यांनी सगळा नकाशा वाचला, पायऱ्या आणि बाकं धरून.

“आमची सून,” सासूबाई म्हणाल्या आणि जिन्याचा कठडा धरून वर गेल्या.

तो नकाशा अजून तिथेच आहे. मधल्या काळात त्यातली दोन ठिकाणं बंद पडली आणि न्यायालयामागे एक नवं उघडलं. ताई तिथे तीनदा जाऊन आली. चौथ्या दिवशी कामावर निघताना ती जिन्यात थांबली आणि पर्समधलं पेन काढून तिने ते नवं ठिकाण स्वतःच्या हाताने नकाशावर लिहिलं.